गिरणीचा ग

सुंदराबाईची शैला 'ग'पाशी आली की मुकी व्हायची. तक्त्यावर पट्टी ठेवली की क म्हणे, ख म्हणे, आणि एकदा का 'ग'ला ओठ मिटले की पुढच्या अक्षरांनाही उघडत नसत. डिलाईल रोडच्या त्या चाळीत बालवाडी चालवायला पद्मजाबाई रोज ठाकूरद्वाराहून यायच्या. बाई लाखात एक! पण त्याही शेवटी म्हणाल्या, "सुंदराबाई, अक्षरं ओळखता येत नाहीत, तर जूनमध्ये पहिलीत कशी बसवायची? आणखी एक वर्ष राहू दे इथंच."

 सुंदराबाई स्वतः अंगठेबहाद्दर, दिवसभर गिरणीत सूत गुंडाळणारी. पोरीनं शिकावं म्हणून तर जिवाचं रान चाललेलं! तिनं बाईंच्या देखतच शैलाला दटावलं, "अगं भवाने, ग म्हणायला तुझं काय जातं?"

शैलानं भोकाडच पसरलं. तक्त्याकडे बोट करून म्हणाली, "तिथं गणपती हाय. बाबा म्हणले, आपण आता बुद्धाचे झालो, देवाचं नाव घ्यायचं न्हाई."

घ्या! धम्मदीक्षेला अजून वर्षही झालं नव्हतं. सुंदराबाईच्या नवऱ्यानं, कोंडीरामनं, घरातले देव विसर्जित केले तेव्हा पोरांना बजावलं होतं खरं. आणि ही चिमुरडी भर वर्गात एकटी बापाचा शब्द पाळत बसली होती! सुंदराबाई मात्र धसकली. बाईंच्या घरी दरवर्षी गणपती बसायचा. त्यांना राग आला तर?

बाईंनी शैलाला मांडीवर घेतलं. "चुकलं माझंच बाळा, मी आधी विचारायला हवं होतं. सांग, तुझा ग कशाचा?"

शैलानं नाक पुसत खिडकीबाहेरच्या धुराड्याकडे पाहिलं. "गिरणीचा. आई जाती ती."

बाईंनी पाटीवर धुराडं काढलं, शेजारी भलामोठा ग काढला आणि पाटी तक्त्याला लागून टांगली. मग काय! शैला ग म्हणाली, घ म्हणाली, पट्टी कुठंही ठेवा, पोरगी अडेना.

"बाई, तुमचे उपकार..." सुंदराबाईनं हात जोडले.

"उपकार कसले? जूनमध्ये पहिलीत पाठवा."

दुसऱ्या दिवशी पाळीला जाताना गिरणीच्या फाटकासमोर तिचा पाय अडला. संयुक्त महाराष्ट्रासाठी पोरांनी भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं, 'गिरणी कामगार संयुक्त महाराष्ट्र घेणारच'. कित्येक महिने ती त्यावरून जात होती. आज पहिलंच अक्षर तिला पाटीवरचं वाटलं. पुढं तेच पुन्हा होतं!

"अगं सुंदरा, भोंगा झाला," मागून तिच्याच पाळीतली राधाबाई ओरडली. "उभी काय राहिलीस?"

"थांब की जरा," सुंदराबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "वाचतेय."