अक्काच्या जिन्यासाठी

मित्रांनो, मला पेडलं आहेत, हँडल आहे, सीटही आहे. पण जन्मात मी वीतभरही पुढे गेलेली नाही. मी व्यायामाची जुनी सायकल. कारखान्यात माझं जड चाक न डगमगता फिरतंय ना, हे पाहून मला दुकानात पाठवलं. तिथून एका शिंप्याने मला घरी आणलं.

दिवसभर मशीनवर वाकून बसतो म्हणून डॉक्टरांनी त्याला चांगलंच खडसावलं होतं. घाबरून त्याने मोठमोठे बेत केले. पहाटे उठायचं, घामाघूम व्हायचं, पोट सपाट करायचं. सुरुवातीला तो खरंच बसला. शेजारीपाजारी मला बघायला आले, माझं कौतुक झालं. मग कामाची गर्दी वाढली, भीती ओसरली आणि बेत उद्यावर गेला. उद्याचा सोमवार झाला, सोमवारची एक तारीख. माझ्या हँडलवर ओले टॉवेल वाळू लागले.

"देऊन टाकू या का ही?" बायकोने विचारलं.

"राहू दे. करणार आहे मी."

तो थापा मारत नव्हता. त्याला मनापासून तसं वाटायचं. पण बेत डॉक्टरांच्या धाकाचा होता, त्याचा स्वतःचा नव्हता.

मग त्याची थोरली बहीण, अक्का, पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ती समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची आणि तिथे लिफ्ट नव्हती. तो भेटायला निघाला, पण दुसऱ्याच मजल्यावर त्याला धाप लागली. पायरीवर बसला आणि परत आला. टॉवेल बाजूला करून माझ्या सीटवर नुसताच टेकला.

"फोन करा ना त्यांना," बायको म्हणाली.

"रोज करतो. फोनवर ती बरी असल्याचं सोंग करते. तोंड पाहिल्याशिवाय कळत नाही."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून डॉक्टरांकडे गेला. त्यांनी तपासून व्यायाम हळूहळू वाढवायला सांगितलं. या वेळी बेत अगदी लहान होता. दुकान बंद करून आलं की, चहा उकळेपर्यंत पेडल मारायचं. त्याची चाहूल लागताच बायको गॅस पेटवायची. एखादा दिवस हुकायचाच. तेव्हा तो स्वतःला बोल लावत बसायचा नाही. माझी साखळी करकरू लागली, तेव्हा त्याने मशीनचं तेल आणून घातलं. किती बरं वाटलं मला.

एका संध्याकाळी त्याला यायला उशीर झाला.

"कुठे होतात?"

"अक्काकडे. वाटेत दोनदा टेकलो, पण पोचलो."

"काय म्हणाल्या?"

"हात धरून जवळ बसवलं. मग म्हणाली, शिंपी असून सदऱ्याचं बटण तुटलेलं."

तो हसत होता आणि डोळेही पुसत होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात उभं असेल. आमची धूळ पुसा, तेलपाणी करा. पण आम्हाला कोपऱ्यात टाकणाऱ्या माणसाला आळशी म्हणू नका. त्याला कुणापर्यंत पोचायचंय, तेवढं जवळ बसून विचारा.