ह्यांचंही बघून झालं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. डाव्या भिंगात बुरशी धरल्यामुळे हल्ली सहल कचेरीच्या कपाटात, छत्र्यांच्या शेजारी पडून असते. पण माझेही दिवस होते.

कारखान्यात एका बाईने श्वास रोखून माझी भिंगं बसवली. तिथून मी आले ती थेट ताईच्या गळ्यात. ताई म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर एक दिवसाच्या सहली नेणारी वाटाडी. तिथले कडे, घळी, लाटांच्या वेळा, सगळं तिला तोंडपाठ. लोक माझं फार कौतुक करायचे. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि मला कुणी विचारेना. ताईने मात्र मला सोडलं नाही, कारण ती माणसं माझ्यावरच मोजायची. खालच्या खडकांवरून सगळे पायऱ्यांनी कड्यावर चढून आले की मी हातोहात फिरायचे, आणि काय दिसलं ते प्रत्येकाने सांगायचं. तेवीस माणसं, तेवीस उत्तरं.

एकदा सहलीत एक आजी-आजोबा होते. आजोबा अबोल, आजी त्यांच्या वाटचंही बोलणारी. ह्यांना चहा बिनसाखरेचा, ह्यांना खिडकी नको, सगळं तीच सांगायची. कड्यावर मी तिच्या हाती आले.

"मला होडी दिसली," ती म्हणाली. "आणि ह्यांचंही बघून झालं. ह्यांनाही होडीच."

सगळे हसले. ताईही हसली, आणि हसता हसता तिने दोन माणसं धरली.

बसमध्ये आजीच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. "मला वाटलं, माझ्या मागेच आहेत," एवढंच ती कशीबशी म्हणाली. भरती सुरू झाली होती. ताई कड्याकडे धावली आणि तिने मला डोळ्यांना लावलं. खाली काळ्या खडकावर आजोबा बसले होते, चपला हातात घेऊन. पाण्याने खडक चहूकडून वेढला होता.

ताई आणि ड्रायव्हर दोर घेऊन उतरले. कमरेएवढ्या पाण्यातून त्यांनी आजोबांना वर आणलं. आजीने आल्या आल्या तोंडाचा पट्टा सोडला, किती वेळा सांगितलं मागे रेंगाळू नका म्हणून. ताईने आजोबांना विचारलं, तुम्ही वर का आला नाहीत?

"अहो, ते ना," आजीने सुरुवात केली. ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आजी थांबली.

बराच वेळ गेला.

"पायऱ्याच दिसल्या नाहीत," आजोबा म्हणाले. "दोन महिने झाले, नीट दिसत नाही. म्हटलं, कशाला हिच्या जिवाला घोर."

बसपाशी आल्यावर आजीने त्यांचा हात धरला. "पायरी आहे हं," ती हळूच म्हणाली. "जरा उंच आहे."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, ओलाव्यात टाकू नका. आणि घरात कुणी कमी बोलणारं असेल, तर त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वेळ लागतो. लागू द्या.