तिसरा खटका

तिन्ही वर.

बोर्डात कॉम्प्युटरांच्या तीन रांगांचे तीन खटके, आणि तिघांना जोडणारी एक आडवी पिवळी पट्टी. एक खाली पाडून बंद केला की पट्टी बाकीच्या दोघांनाही खाली ओढणार. संध्याला नेमकी तीच पट्टी नको होती.

"काढा ती."

"काढायची नसती मॅडम," मोतीराम म्हणाला. हरसूलकडचा हा वायरमन अंबडच्या या ऑफिसात केस पिकेपर्यंत राबला होता. "तीन रांगांना करंट येतो तीन वायरींनी, परत जातो एकाच न्यूट्रलनं. पहिल्या रांगेच्या पार्टिशनात त्या न्यूट्रलचा जोड करपलाय. तो मी सोडला आन् एक जरी रांग चालू असली, तर परतीचा करंट माझ्यातून जाईल. म्हणून तिन्ही एकदम पाडायचे. नियमच हाय तसा."

"टेस्टर लावून बघा की."

"जोड सुटेपर्यंत टेस्टर गप्प बसतो. सुटल्यावर बोलतो."

संध्या या मजल्याची प्रमुख. परदेशी हॉस्पिटलांची बिलं दुपारी दोनच्या आत पाठवायची होती. मागच्या दोन खेपा उशिरा गेल्या होत्या, आणि तिसरी चुकली तर तुमच्या जागेचा विचार करावा लागेल, असं पुण्याच्या हेड ऑफिसातून अगदी गोड आवाजात सांगण्यात आलं होतं. पहिली रांग जळक्या वासामुळे सकाळपासून ठप्प. बाकी दोन चालू, त्या अर्ध्यावर कशा तोडणार?

"काका, तिन्ही पाडूच," ती म्हणाली. "पण ज्या रांगेचं काम संपेल ती आधी. तुम्ही तोवर झाकण उघडून ठेवा. तिन्ही पडल्यावरच जोडाला हात लावा. मग तर झालं?"

"बोर्डापाशी कोण थांबणार?" मोतीरामच्या हाताखालचा माणूस दिवाळीआधीच कमी झाला होता. तो कमी करायचं संध्यानंच सुचवलं होतं.

"मी थांबते."

"मग मी विचारीन, पडले का. खटक्यावर हात ठेवूनच उत्तर द्यायचं. आमच्यात तसंच असतं. हात ठेवल्याबिगर बोलायचं नाय."

"काका, मॅडमना आयटीआयला घाला आता!" तिसऱ्या रांगेतून तेजस्विनी ओरडली. सगळे हसले. मोतीरामही हसला. पट्टी उपसून त्यानं शर्टाच्या खिशात टाकली आणि गुडघे धरत पहिल्या पार्टिशनखाली शिरला.

पहिला: खाली.

दुसऱ्या रांगेचं काम संपलं. पोरं डबे घेऊन उठली.

दुसरा: खाली.

तिसरा

तिसऱ्या रांगेत फक्त तेजस्विनी उरली होती. तिची बिलांची फाइल सर्व्हरवर चढत होती.

"किती राहिलंय गं?"

"होतच आलंय. आता तोडलं तर पहिल्यापासून."

पार्टिशनखालून आवाज आला. "मॅडम, पडले का तिन्ही?"

संध्याचा हात तिसऱ्या खटक्यावर होता. खटका वर होता. नाही म्हटलं तर म्हातारा बाहेर येणार. बोर्डाशी उभा राहणार. पट्टी परत बसवणार, तिन्ही पाडणार. आणि पडले म्हटलं तरी झाकणाला स्क्रू असतात. चष्मा शोधेल. स्क्रू खोलेल. तेवढ्यात फाइल

"पडले."

"हात ठेवलाय ना?"

"ठेवलाय."

हे खरंच होतं.

स्क्रू तिच्याच सांगण्यावरून त्यानं कधीच काढून फरशीवर ओळीनं मांडले होते. त्यानं जोडाला टेस्टर लावला. टेस्टर गप्प. कोपर पार्टिशनच्या लोखंडी चौकटीला टेकवून त्यानं जोड सोडला.

"मॅडम, गेली!" तेजस्विनी किंचाळली. "फाइल गेली माझी! स्क्रीनच काळा झाला!"

"काय केलंत हो काका?" संध्या कडाडली. "दोन मिनिटं दम नाही निघत माणसाला?"

पार्टिशनखालून टाचांचा आवाज येत होता, फरशीवर, भराभर.

मग तिनं तो पाडला.

तिसरा: खाली.

टाचा थांबल्या. डबे टाकून लोक धावत आले तेव्हा बोर्डात तिन्ही खटके खाली होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. तेजस्विनीनं संध्याकडे पाहिलं.

"मॅडम, माझा कॉम्प्युटर तर चालू..."

"कुणाला विचारून चालू ठेवला होतास?" संध्यानं हळूच विचारलं.

तेजस्विनीनं तिसऱ्या खटक्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बंद होता."

"नक्की?"

"बंदच होता मॅडम."

चौकशीला आलेल्या साहेबांनी बोर्ड पाहिला. पट्टी कुणी काढली, असं विचारलं.

"त्यांनीच," संध्या म्हणाली. "त्यांच्या खिशात असेल, बघा."

होती.

पुण्याहून फोन आला. असल्या प्रसंगी बिलांचं काय घेऊन बसलात, उद्या पाठवा, म्हणाले. संध्याची जागा कुठंच गेली नाही.

त्याच आठवड्यात नवा वायरमन आला. त्यानं नवी पट्टी बसवली आणि जोडाचं काम करायचंय म्हणून घाबरत घाबरत म्हणाला, "मॅडम, तिन्ही रांगा एकदम बंद कराव्या लागतील."

"करा की. नियमच आहे," संध्या म्हणाली, आणि सगळ्या मजल्याला घेऊन खाली टपरीवर चहाला गेली. तेजस्विनी सगळ्यात मागून आली. तिचा कप अजून हातात गरमच होता, तेवढ्यात वरून खिडकीतून वायरमनची हाक आली.

"झालं मॅडम!"