एका चाकाची रेघ

चाक हातातून निसटलं आणि काठाच्या उतारावरून गडगडत जाऊन गवतात आडवं पडलं. पाटकऱ्याने एक शिवी हासडली. कुणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. झुंजुमुंजू झालं होतं, कालव्यावर धुकं नुसतं बसून होतं आणि बायको चहा घेऊन बाहेर यायच्या आत ही रेघ सायफनपर्यंत न्यायची होती.

त्याने चाक उचललं, टायरच्या दात्यांत अडकलेलं गवत काढलं आणि ते पुन्हा खडीवर उभं करून हाताने ढकलत निघाला. स्वतः मात्र कडेच्या गवतातून चालत होता. खडीवर पावलं उमटली असती तर सगळाच खेळ खलास.

कालव्याच्या नोकरीत एक पद्धत आहे, ती बाहेरच्यांना माहीत नसते. संध्याकाळी पाटकरी सायकलच्या मागे दोरीने जड फळी बांधतो आणि काठावरच्या बारीक खडीवरून ओढत नेतो. खडी इस्त्री केल्यासारखी सपाट होते. रात्री कुणी पाणी चोरायला आलं की सकाळी त्याचे पाय दिसतात. याला फळी मारणं म्हणतात. या पाटकऱ्याने उभी हयात फळी मारली आणि सकाळी चोर वाचले. कोण लंगडतो, कोण बायकोला सोबत घेऊन आला, कोणाच्या चपलेची टाच झिजली, सगळं तो सांगे. मोठे चोर मात्र त्याला कधी सापडले नाहीत, कारण त्यांचे पाय खडीला लागतच नाहीत. ते भरदिवसा ऑफिसात खुर्चीवर बसून पाणी नेतात.

आता त्याच खडीवर तो स्वतः रोज पहाटे खोटं लिहीत होता.

चाक पोराचं होतं. पोराला सगळे भिंगरी म्हणत. सायकलच्या दुकानात कामाला होता आणि दुकानातून सुटला की कालव्याच्या काठावर. सुटे भाग जमवून, जाड दातेरी टायर घालून त्याने स्वतःची सायकल जोडली होती. हे जादा चाक त्यातूनच उरलेलं. इथली जमीन ताटासारखी सपाट. नुसता कालवा, शेतं आणि तोंडावर येणारा वारा. सुट्टीच्या दिवशी शहरातले रंगीत कपडेवाले या खडीवर सायकली चालवायला येत. भिंगरी त्यांना मागे टाकून पुढच्या वळणावर जाऊन बसे आणि ते धापा टाकत आले की विचारी, "काका, पंक्चर झालं का?"

"डांबरावर कशाला जात नाहीस रे?" पाटकरी म्हणायचा.

"डांबरावर रस्ता सायकल चालवतो, बाबा. खडीवर आपण चालवतो."

आवर्तन सुरू झालं, म्हणजे कालव्याला या हंगामाचं पाणी सुटलं, त्याच आठवड्यात एका सकाळी पोरगा सायकल घेऊन निघाला तो परत आलाच नाही. सायकलही गेली. पोलीस आले, बसले, चहा पिऊन गेले. तरुण पोरगा आहे, गेला असेल कुठे, कंटाळा आला की येईल. पाटकऱ्याने कालव्याच्या साहेबापुढे हात जोडले, एक दिवस गेट खाली पाडून पाणी बंद करू द्या, तळ बघू द्या. साहेब म्हणाला, एका सायकलवाल्यासाठी कालवा बंद होत नसतो. खरं आहे. साहेबाचं कुत्रं पडलं असतं तर झाला असता.

पाटकऱ्याचं काम रोज सायफनवर जायचं. तिथे ओढा आडवा येतो म्हणून कालवा जमिनीत बुडी मारतो आणि ओढ्याच्या पलीकडे वर निघतो. तोंडाला लोखंडी जाळी. लांब बांबूच्या आकड्याने जाळीला अडकलेलं गवत, फांद्या, मेलेली जनावरं ओढून काढायची. आकडा अर्ध्यापर्यंत पोचतो. खालच्या अर्ध्यात काय अडकलंय ते पाणी कुणाला सांगत नाही.

बायकोने तर जेवणच सोडलं होतं. मग एकदा शहरातल्या कुणाच्या तरी जाड टायरची खूण घरासमोर उमटलेली तिने पाहिली. ती खुणेशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आला होता. घर बघून गेला." त्या दिवशी ती जेवली. दुसऱ्या दिवशी पाटकऱ्याने पत्र्याच्या खोलीतून हे जादा चाक बाहेर काढलं. तेव्हापासून हा उद्योग चालला होता. ती चहा घेऊन यायची, रेघ बघायची, म्हणायची, "आला होता." हा म्हणायचा, "हो." एवढंच. एवढ्यावर दोघांचा दिवस निघायचा.

वळण आलं. पाटकरी चाक ढकलत वळला आणि थांबला.

पुढच्या खडीवर रेघ आधीच होती.

एक नाही, दोन. अलीकडे काही नाही, गवतात काही नाही. वळणाच्या मधोमध, जशी हवेतून उतरावी तशी सायकल सुरू झालेली. मागच्या चाकाची रेघ सरळ, पुढच्याची तिला डावी-उजवीकडून कापत जाणारी, वेणी घातल्यासारखी. माणूस बसलेली सायकल अशीच जाते. पाटकऱ्याने मागे वळून स्वतःची रेघ पाहिली. एकुलती एक, सरळ, मुकाट. चोरांचे पाय वाचण्यात केस पिकले त्याचे, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

त्याने वाकून नव्या रेघेला बोट लावलं. बोटाला काळा गाळ लागला. कालव्याच्या तळाचा असतो तसा, थंड आणि गुळगुळीत.

तेवढ्यात खडी वाजली. जाड टायरखाली बारीक खडी वाजते तशी, संथ, सारखी. मागून आली, त्याच्या बाजूने गेली. पण रस्त्यावरून नाही. उजव्या हाताला, जिथे काठ संपतो आणि नुसतं पाणी आहे, तिकडून. धुकं हललंसुद्धा नाही.

"कोण आहे?" तो ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "भिंगरी?"

आवाज सायफनच्या दिशेने गेला आणि थांबला. पाटकरी चाक उचलून गवतातून मागोमाग तिथवर गेला. दोन्ही रेघाही तिथेच संपत होत्या, अगदी जाळीच्या वर, काँक्रीटच्या कडेला. परतीची खूण नव्हती. पाय टेकल्याची नव्हती.

त्याने मागे पाहिलं तर बायको उभी. हातात चहा नव्हता. ती त्याच्यासारखीच गवतातून चालत आली होती.

पाटकऱ्याने चाक पाठीमागे लपवलं. एवढं मोठं चाक, आणि माणूस लहान पोरासारखा पाठीमागे लपवतो.

"राहू द्या," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अहो, एका चाकावर सायकल चालते का कधी? मी लग्न होऊन आले ती या कालव्यावर. तुम्ही फळी मारायचात, मी शेजारून चालायचे. मला रेघ वाचता येत नाही होय?"

"मग रोज कशाला म्हणायचीस, आला होता म्हणून?"

"पहिल्या दिवशी खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं. जाळी साफ करून आलात की तुम्ही अंथरुणातून उठत नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडायचात. या चाकासाठी तरी उठायला लागलात. म्हटलं, उठू दे."

पाटकऱ्याने चाक पुढे आणून गवतात आडवं ठेवलं. इतके दिवस आपण हिला जगवतोय अशा तोऱ्यात तो फिरत होता.

ती दोन रेघांकडे बघत होती. "हे तुमचं काम नाही."

"नाही."

"आत्ता आवाज मीपण ऐकला," ती म्हणाली, आणि रडली नाही. "आज आवर्तन संपतंय ना? आज गेट पडणार ना?"

दोघं घराजवळच्या गेटवर परत आले तेव्हा लांब्या मोटरसायकल लावून वाट बघत होता. लांब्या हा पुढच्या टप्प्याचा पाटकरी, जुना जोडीदार, उंचीला खांबासारखा आणि जिभेला हाड नसलेला.

"कुठे उलथला होतास? साहेब कधीचा फोन करतोय. म्हणे, गेट पाडायचं नाही. पाणी वाढवलंय."

"कोणासाठी?"

"तुझ्या-माझ्यासाठी असेल का? फार्मवाल्यांसाठी. त्यांना नवं काहीतरी लावायचंय. खालचे शेतकरी गेले खड्ड्यात. अजून महिनाभर पाणी चालू."

खरं सांगायचं तर पाटकऱ्याला आधी बरंच वाटलं. छातीवरचा दगड कुणी पुन्हा जागच्या जागी ठेवावा, आणि सवयीने तोच बरा वाटावा, तसं. महिनाभर तळ दिसणार नाही. महिनाभर पोरगा कुठेतरी असेल, दुसऱ्या गावात, दुसऱ्या दुकानात पंक्चर काढत.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती गेटच्या चाकाकडे बघत होती. लोखंडी, ग्रीसने काळं, त्याच्याच हातांनी गुळगुळीत झालेलं.

"तुम्ही नाही फिरवलंत तर मी फिरवीन," ती म्हणाली. "मला जड जाईल. पण फिरवीन."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?" लांब्या म्हणाला. "नोकरी जाईल त्याची. हे घरपण कालव्याचंच आहे, उद्या सामान बाहेर टाकतील."

"टाकू देत. घरात कोण राहतंय?"

पाटकऱ्याने कुलूप काढलं. चाकाला धरल्यावर हात नेहमीसारखे चालले. फोन खिशात वाजत होता.

"अरे, उचल तरी!" लांब्या ओरडला. "सांग काहीतरी. बिघडलंय म्हण. दात तुटलेत म्हण."

"बिघडलेलं नाही," पाटकरी म्हणाला. "मी पाडतोय. तू साहेबाला तसंच सांग. माझं नाव घेऊन सांग."

लांब्याने कपाळाला हात लावला. मग मोटरसायकलची किल्ली खिशात टाकली, दुसऱ्या बाजूने येऊन चाकाला हात घातला आणि म्हणाला, "सरक तिकडे. तुझी पाठ गेलीये कधीची."

गेट खाली गेलं. पाण्याचा आवाज आधी चढला, मग पडला, मग बंद झाला. इतकी वर्षं कानात असलेली गोष्ट बंद झाली की कान दुखतात.

दुपारपर्यंत कालवा ओसरला. पाणी उतरलं की डबक्यांत मासे राहतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शेतांतून माणसं टोपल्या घेऊन आली, हसत, एकमेकांना ढकलत. सायफनजवळ आली आणि तिथे उभी असलेली दोघं बघून एकेक करून गप्प झाली. कुणीतरी टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसलं. मग बाकीच्यांनीही.

जाळीचा खालचा भाग उघडा पडायला लागला होता. गाळ, शेवाळ, फांद्या.

"वहिनी, तुम्ही नका. आम्ही उतरतो," लांब्या म्हणाला.

"माझं आहे. मी बघते."

तिने चपला काढून कडेला नीट जोडून ठेवल्या, साडी वर खोचली आणि पायऱ्यांवरून खाली गेली. गुडघ्यापर्यंत गाळात रुतत, जाळीला धरत, वाकत. हाताने फांद्या बाजूला केल्या. मग थांबली. बराच वेळ तिची नुसती पाठ दिसत होती.

शेवटी तिने मान वर केली. आवाज रोजचाच होता, आतल्या खोलीतून हाक मारावी तसा.

"अहो, या खाली. सायकलसकट आहे. मला एकटीला उचलवत नाही."