खिडकी, दार आणि ओले केस

सर्बियातल्या नोवी साद शहराच्या कलाचित्रगृहात प्रीव्ह्यू फुकट असतो, त्यामुळे तिथला प्रेक्षक फार चोखंदळ आहे. सिनेमा असो की टीव्हीवर लागायची मालिका, जगाआधी आपण पाहिली यातच त्याला सगळी गोडी. एकदा जगाने पाहिली की तो तिचं नावही काढत नाही. खेळ संपतो, दिवे लागतात, दिग्दर्शक पडद्यासमोरच्या खुर्चीवर येऊन अवघडून बसतो, आणि तिहोमिर नावाचा सूत्रसंचालक 'कुणाला काही विचारायचंय का' असं सगळ्या सभागृहाला विचारून, उत्तराची वाट न बघता, माइक घेऊन थेट तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे चालू लागतो. तिथे स्पोमेन्का सिस्टर बसलेल्या असतात. पहिला प्रश्न त्यांचा. तो होईपर्यंत दुसरं कुणी तोंड उघडत नाही, आणि प्रश्न संपेपर्यंत बाहेरच्या टेबलावरची राकिया, म्हणजे फळांची दारू, कुणी उघडत नाही. तेव्हा सगळ्यांचीच त्यांना मनापासून साथ असते.

सिस्टर बालरुग्णालयातून निवृत्त झाल्या. निम्म्या शहराला त्यांनी इंजेक्शनं दिलेली, त्यामुळे निम्मं शहर त्यांच्यासमोर अजूनही थोडं तिरकं बसतं. मे महिन्यातही डोक्यावर लोकरी टोपी. चित्रगृहात त्या पहिल्यांदा आल्या त्या तिथला हीटर चांगला आहे असं ऐकून.

त्या दिवशी बेलग्रेडच्या एका दिग्दर्शकाचा, एका वादकाच्या एकटेपणावरचा सिनेमा होता. त्यात एक बाई तान्ह्या मुलाला अंघोळ घालते, मागे खिडकी उघडी, समोर दार उघडं, आणि दारात तो वादक एकटेपणाने उभा. कॅमेरा हलत नाही. वादकही हलत नाही. सिनेमा संपल्यावर सिस्टरांनी विचारलं, "ते मूल पुढे जगलं का?"

दिग्दर्शक हसला. तो एकटाच हसला. कारण खिडकी आणि दार समोरासमोर उघडं राहिलं की जो आरपार वारा घुसतो, ज्याला तिथले लोक प्रोमाया म्हणतात आणि शक्यतो हळू आवाजात म्हणतात, तो माणसाचं काय करतो हे सभागृहातल्या प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर कळलेलं होतं. मान धरते, कान फुटतो, तोंड वाकडं होतं, मूत्रपिंडं जातात. वादकाच्या एकटेपणाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे तासभर मनातल्या मनात ती खिडकी लावत होते, एवढंच की बोलायची हिंमत सिस्टरांनी केली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात समीक्षा आली, तिचा मथळा होता 'बाळाची हेळसांड'. सिनेमा तिसऱ्या दिवशी उतरला.

त्यानंतर दिग्दर्शक शहाणे झाले. आधी प्रत्येक सिनेमात एक आजी यायला लागली, जी मधेच उठून खिडकी लावते आणि गोष्टीतून निघून जाते. मग खिडक्याच बंद दाखवायला लागले. मग बिनखिडक्यांच्या खोल्या आल्या. श्रेयनामावलीत ध्वनी आणि प्रकाशाच्या मधे 'वारा सल्लागार' अशी नवी ओळ आली. बाहेरच्या देशांतले समीक्षक या बंद खोल्या पाहून हरखून गेले. एका समाजाची घुसमट इतक्या धाडसाने कुणीच मांडली नव्हती, असं त्यांनी लिहिलं. बक्षिसं आली. बक्षीस घेणाऱ्यांनी घुसमटीवर भाषणं केली. सिस्टरांचं नाव कुणी घेतलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही नव्हतं. मुलं आजारी पडत नाहीत ना, झालं.

ग्रादिमिर नावाच्या दिग्दर्शकाचं दुखणं असं की त्याला एक खिडकी उघडायची होती.

त्याने टीव्हीसाठी मालिका केली होती, डॅन्यूबकाठच्या एका नवरा-बायकोची. दुसऱ्या भागाच्या शेवटी नवरा बॅग उचलतो, दार उघडतो आणि जातो. त्याच क्षणी नुकतीच न्हालेली बायको स्वयंपाकघराची खिडकी उघडते. पडदा शिडासारखा फुगतो, टेबलावरून सरकत तिच्या ओल्या केसांवर येतो आणि तिथेच थरथरत राहतो. बस, एवढंच. या एका दृश्यासाठी ग्रादिमिरने आग्नेयेकडून येणाऱ्या कोशावा वाऱ्याची सगळ्या युनिटसकट वाट पाहिली होती. कॅमेरामनची मान तेव्हा धरली ती अजून सुटलेली नव्हती, आणि तो ती वळवून सगळ्यांना दाखवत हिंडत होता. पण ग्रादिमिरला ठाऊक होतं की बाकीची मालिका चारचौघांसारखी आहे. ते दृश्य मात्र त्याचं स्वतःचं होतं. वयाच्या चाळिशीत आपलं म्हणावं असं माणसाकडे फार काही उरत नाही.

वाहिनीच्या विदोसावा बाई सरळ होत्या. त्यांनी कॉफी ढवळत सांगितलं की आम्हाला सगळं आवडलंय, पण आमची वाहिनी कुटुंबाची. प्रीव्ह्यूला तुमच्या त्या सिस्टर खिडकीवरून काही बोलल्या, तर तेवढं कापा, नाहीतर मालिका दुसरीकडे न्या. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आईला त्याने प्रीव्ह्यूला बोलावलं, तर ती म्हणाली की तिला कॅमेरामनच्या आईकडून सगळं कळलंय, आणि लोकांच्या देखत मान खाली घालायला ती येणार नाही.

शेवटी प्रीव्ह्यूच्या आदल्या दिवशी तो सिस्टरांच्या घरी गेला. खिडक्यांच्या फटींत कापसाच्या वाती घातलेल्या होत्या. अनवाणी पायांतून गारठा चढतो म्हणून सिस्टरांनी त्याला चपला दिल्या, खुर्चीवर आधी उशी ठेवली, मग त्याला ठेवलं, आणि रिवाजाप्रमाणे चमचाभर रानस्ट्रॉबेरीचा मुरंबा आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"ग्रादिमिर म्हणजे मला चावलेला तोच ना?"

तो म्हणाला, मी चार वर्षांचा होतो.

"चावायला वय लागत नाही. बोल."

त्याने सगळं सांगितलं. कलेबद्दल सांगितलं, पडद्याबद्दल सांगितलं, बाई आतून मोकळी होते म्हणून वारा आत येतो, तो खरा वारा नव्हेच, असंही सांगितलं. सिस्टर मान हलवत होत्या. मग त्यांनी विचारलं की वारा कुठला. कोशावा, तो म्हणाला. कोशावा चांगला नाही, पण कोरडा असतो, असं म्हणून त्यांनी त्याला थोडी आशा दाखवली. मग विचारलं, डोक्यावर काही आहे का तिच्या.

"केस," तो म्हणाला. आणि खोटं बोलायची सवय नसल्याने पुढे म्हणाला, "ओले."

सिस्टरांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"बाळ, मी काही तुमचे सिनेमे पाडायला येत नाही," त्या म्हणाल्या. "मला दिसतं ते मी विचारते. नाही दिसलं तर नाही विचारत. आता तू जा, आणि जाताना दार पटकन लाव."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरून वाहिलं. बातमी फुटलेली होती. लोक गळ्याला मफलर लावून आले होते, आणि बाजूच्या दाराच्या फटीत कुणीतरी स्वतःचा कोट कोंबून ठेवला होता. विदोसावा बाई सिस्टरांच्या मागच्याच रांगेत बसल्या, म्हणजे प्रश्न नीट ऐकू येईल. ग्रादिमिर भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला पडदा दिसत नव्हता, सिस्टरांची टोपी दिसत होती. मालिकेचे पहिले दोन्ही भाग त्याने त्या टोपीवरच पाहिले.

पडद्यावर नवऱ्याने बॅग उचलली. सभागृहात कॉलर वर करण्याचा आवाज झाला. दार उघडलं. मागून एक बाई 'देवा' म्हणाली. खिडकी उघडली, पडदा फुगला, आणि पाचव्या रांगेतला एक धट्टाकट्टा वकील आपली मान दोन्ही हातांनी झाकून खाली वाकला. टोपी हलली नाही.

दिवे लागले. तिहोमिरने विचारायचं ते विचारलं आणि माइक नेहमीच्या जागी नेला. सिस्टर उठल्या. त्यांनी रुमालाने डोळे पुसले होते, हे आत्ता लोकांच्या लक्षात आलं.

"मला एवढंच विचारायचंय," त्या म्हणाल्या, "चुलीवर सारमा शिजत होता. कोबीची पानं तिने सकाळपासून एकेक करून गुंडाळलेली. तो न जेवता का गेला?"

तिहोमिर सिस्टरांच्या कानाशी वाकून, एखाद्याला विसरलेल्या छत्रीची आठवण करून द्यावी तसं हळूच म्हणाला, "आणि खिडकी, सिस्टर?"

"कुठली खिडकी?"

त्या खरंच विचारत होत्या. नवऱ्याने दाराला हात लावल्यापासून त्या पातेल्याकडे बघत होत्या, हा आता तरी झाकण उचलून बघेल म्हणून.

मग जो तो सारम्यावर बोलू लागला. कुणी म्हणालं, त्याचं बाहेर काहीतरी असणार, पोट भरलेलं असल्याशिवाय माणूस असा जात नाही. वकिलाने मान सोडून सांगितलं की घटस्फोटाच्या खटल्यात याला पुरावा म्हणता येईल. सिस्टरांना जे दिसलं नाही ते आपल्याला दिसलं होतं, हे कबूल करायला कुणी तयार होईना. विदोसावा बाईंनी ग्रादिमिरकडे बघून लांबूनच मान डोलावली. पक्कं, असा त्याचा अर्थ होता. मालिका वाचली होती. दृश्य वाचलं होतं. शहाण्या माणसाने अशा वेळी बाहेर जाऊन राकिया घ्यावी.

ग्रादिमिरने सारम्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला म्हणून माइक घेतला. ते पातेलं त्याने रिकामी जागा दिसू नये म्हणून ठेवलं होतं. आत सारमा नव्हताच, पाणी होतं. एवढा कोशावा, एवढी मान, एवढा शिडासारखा फुगलेला पडदा, आणि सिस्टरांनी पातेलं पाहिलं.

"सिस्टर," तो म्हणाला, "खिडकी उघडी होती."

विदोसावा बाईंची मान डोलायची थांबली.

"असेल," सिस्टर समजुतीने म्हणाल्या.

"असेल नाही, होती. दारही उघडं होतं. समोरासमोर. आणि केस ओले होते, सिस्टर, मी मुद्दाम ओले ठेवले होते. आरपार वारा होता. माझ्या कॅमेरामनला विचारा."

कॅमेरामनने जागेवरूनच मान वळवून दाखवली, जितकी वळली तितकी.

सिस्टर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. चावणाऱ्या पोराकडे बघावं तशा, रागाने नव्हे, पण सुई तयार ठेवून. मग म्हणाल्या, दाखव परत.

दिवे गेले. शेवट पुन्हा लावला. या वेळी त्यांनी पातेल्याकडे पाहिलं नाही. नवरा गेला, खिडकी उघडली, पडदा फुगून ओल्या केसांवर आला आणि थरथरत राहिला. टोपी हळूहळू पुढे झुकली. दृश्य संपलं तरी कुणी दिवे लावले नाहीत. अंधारातच त्यांचा आवाज आला.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या. "पोरीला टोपी दे."

एवढंच. त्यावर अपील नव्हतं. बाहेर राकिया ओतता ओतता विदोसावा बाई म्हणाल्या की टोपी असेल तर वाहिनीची हरकत नाही, फक्त रंग जरा घरगुती ठेवा. ग्रादिमिरने तिथल्या तिथे सांगितलं की हे शक्य नाही, न्हाऊन बाहेर आलेली बाई कधी लोकरी टोपी घालते का. भोवतीच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग काय घालते, असं त्यांच्यातल्या एकीने विचारलं.

कोशावा पुन्हा सुटला त्या आठवड्यात दृश्य परत चित्रित झालं. कॅमेरामन मफलर बांधून आला. पडदा टेबलावरून सरकत येतो आणि तपकिरी लोकरी टोपीवर थरथरतो. ग्रादिमिर तीन दिवस कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने ते दृश्य एकट्याने पाहिलं, आणि वाईट वाटून घेण्याची सगळी तयारी करूनही ते त्याला जमलं नाही. बाई त्या टोपीत आधीपेक्षा एकटी दिसत होती.

वसंतात परदेशातल्या एका महोत्सवाने पहिले दोन भाग मागवले. तिथे खेळ संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या प्राध्यापकाने उभं राहून विचारलं की इतक्या वर्षांच्या बंद खिडक्यांनंतर सर्बियन पडद्यावर एक खिडकी उघडते, आणि त्याच क्षणी स्त्रीच्या डोक्यावर लोकर असते, या विरोधाभासाचा अर्थ काय. ग्रादिमिर बोलायला उठला. तो स्मृतीबद्दल बोलला, मातृत्वाबद्दल बोलला, स्वातंत्र्याला ऊब लागते असंही काहीतरी बोलला. लोक लिहून घेत होते. खाली बसताना त्याच्या लक्षात आलं की यातलं बरंचसं खरं आहे, आणि त्याला जरा भीती वाटली.

मालिका टीव्हीवर लागली. दुसरा भाग संपता संपता आईचा फोन आला. चांगली झालीये, ती म्हणाली. शेजारच्याही म्हणतात चांगली झालीये. टोपी बघून तर जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, बरं झालं. मग तिने विचारलं,

"पण पायांत काय होतं तिच्या?"

"पाय दिसतच नाहीत, आई."

"म्हणूनच विचारतेय."