निरंक

“आधी तोंड गोड करा सायेब, मंग बाकीचं,” म्हणत आक्काबाईंनी पेढ्यांचा पुडा मोतीराम बोरस्त्यांच्या टेबलावर ठेवला आणि पाटीतली झेंडूची माळ काढून थेट त्यांच्या गळ्यात घातली.

कचेरी खो खो हसली. “बोरस्तेभाऊ, निवृत्ती दोन वर्षं आधीच का?” शेजारच्या टेबलावरून समाधान ओरडला. “माहिती मागणारे शिव्या घालतात. हार घालणारं गिऱ्हाईक पहिलंच!”

माहितीचा कायदा आला तेव्हा हे काम कचेरीत कुणालाच नको होतं. बोरस्ते नाही म्हणायला लाजतात हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून ‘जनमाहिती अधिकारी’ ही पाटी त्यांच्या टेबलावर आली. गरीब माणूस. कीर्तन कुठेही असो, नाशिक रोडला असो की त्र्यंबकला, हे सायकल काढून निघालेच. पुढच्या रांगेत मांडी घालून बसायचे आणि बुवांच्या आधी यांचे डोळे भरून यायचे.

“आक्का, हार कशासाठी?”

आक्काबाईंनी कमरेच्या पिशवीतून चार घड्यांचा कागद काढला. मखमलाबादच्या मळ्यात त्या फुलं पिकवायच्या आणि पहाटे बाजारात बसून विकायच्या. नवरा कोंडाजी पूर्वी याच पाणीपुरवठा कचेरीच्या पंपगृहावर पहारेकरी होता. त्र्याण्णव साली तिथली मोटार गेली, चोरीचा आळ कोंडाजीवर आला आणि नोकरी सुटली. चौकशी झाली म्हणे. पण तिचं पुढे काय झालं, ते चौदा वर्षांत कुणी सांगितलं नाही. ‘चौकशीचा अहवाल मिळावा’ एवढाच आक्काबाईंचा अर्ज होता. बोरस्त्यांनी सहीनिशी उत्तर धाडलं होतं, एका शब्दाचं: निरंक.

“आमच्या भजनी मंडळातल्या जयरामबुवानं फोड करून सांगितलं ना! निरंजन म्हंजी ज्याला काजळ नाय. तसं निरंक म्हंजी ज्याला डाग नाय. आमचं मालक सुटलं, सायेब! पाडव्याला सप्ता बसतोय. चौदा वर्सं झाली, त्यांच्या हातात कुणी वीणा दिली नाय. चोराच्या हातात देवाची वीणा कशी द्यायची, म्हणं. औंदा देतील.”

समाधान हसायचा थांबला.

बोरस्त्यांच्या गळ्यातली माळ एकाएकी जड झाली. जयरामबुवांची फोड खोटी तरी कशी म्हणावी? चंद्राला शशांक म्हणतात ते त्याच्यावरच्या डागावरूनच. अंक म्हणजे डाग. पोथीतला अर्थ अगदी तोच होता. फक्त सरकारात तो शब्द वेगळ्याच कामाला जुंपलेला.

“आक्का,” ते हळू म्हणाले, “आमच्याकडे निरंक म्हणजे काही नाही. कागद मिळाला नाही, असं.”

“मंग डाग?”

“तो... तसाच आहे.”

आक्काबाईंनी कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या. मग म्हणाल्या, “रामानं बी चौदा वर्सं वनवास काढला. पर त्याला निदान म्हायती व्हतं, कुणी धाडलं ते.” आणि मान वर करून विचारलं, “सायेब, तुम्ही शोधला व्हता का?”

बोरस्त्यांनी शोधला नव्हता. कचेरीचे मुख्य साहेब म्हणाले, ‘जुनं प्रकरण आहे, निरंक लिहा,’ आणि यांनी लिहिलं.

त्यांनी माळ काढली, पुडा आक्काबाईंच्या पाटीत परत ठेवला. “तोंड गोड करावं असं मी काही केलेलं नाही. चार दिवसांनी या.”

त्याच दुपारी ते रेकॉर्ड रूममध्ये शिरले. लाल फडक्यातले गठ्ठे एकेक सोडत, धुळीनं शिंकत त्यांनी तीन तास काढले. चौऱ्याण्णव सालच्या दप्तरात अहवाल शिस्तीत लावलेला होता. हरवला नव्हता की कुरतडला नव्हता. ‘मोटार चोरीस गेलेली नसून कनिष्ठ अभियंत्याच्या तोंडी आदेशावरून सिन्नरकडील पंपगृहावर हलविण्यात आली. पहारेकरी कोंडाजी यांचा कोणताही दोष आढळून येत नाही.’ खाली हिरव्या शाईत शेरा: ‘पाहिले. फाइल करावे.’

कनिष्ठ अभियंत्याचं नाव बोरस्त्यांनी दोनदा वाचलं. तेच नाव आज साहेबांच्या दारावर पितळेत चकाकत होतं.

तेरा वर्षं! माणूस निर्दोष ठरला, त्यावर शिक्का बसला, आवक क्रमांक पडला, आणि ही गोष्ट त्या माणसाला सोडून कपाटातल्या झुरळांनासुद्धा ठाऊक होती!

बोरस्त्यांनी पुढ्यात ठेवलेला अहवाल साहेबांनी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती. “उत्तर गेलंय ना निरंक म्हणून? विषय संपला. बाईला अपिलात जाऊ दे.”

“अपील तुमच्याकडेच येणार, साहेब.”

“हो. मग?” साहेब मंद हसले. “बोरस्ते, दोन वर्षं उरलीत तुमची. सुरगाण्याचे रस्ते पावसात फार वाईट असतात हो.”

जन्मात चढला नव्हता तो बोरस्त्यांचा आवाज चढला. “कीर्तनात खरं बोला, खरं बोला म्हणून टाळ्या पिटतो साहेब, आणि त्याच हातानं खोटं लिहितो! धाडता येईल त्या गावाला धाडा मला. निरंक माझ्या सहीनं गेलं. हे पण माझ्याच सहीनं जाईल.”

टेबलावर येऊन त्यांनी पत्र लिहिलं: ‘पूर्वीच्या पत्रातील निरंक हा शब्द चुकीने...’ तिथं पेन अडलं. त्यांनी ‘चुकीने’ खोडलं आणि लिहिलं, ‘अभिलेख न शोधता लिहिण्यात आला होता.’ मग सत्यप्रतीचा शिक्का इतका जोरात हाणला, की समाधानच्या कपातला चहा हिंदकळला.

बदलीचा हुकूम पाडव्याच्या आदल्या दिवशी आला. सुरगाणा. तो खिशात घालून बोरस्ते पाडव्याला मखमलाबादच्या देवळात गेले.

जयरामबुवांनी माईकवर अहवाल वाचला. “‘कोणताही दोष आढळून येत नाही.’” वाचून ते घुटमळले. खाली बसलेल्या बोरस्त्यांना त्यांनी विचारलं, “सायेब, आता ह्याचा अर्थ?”

“वाचलात तोच, बुवा.”

ज्यांनी चौदा वर्षं वीणा दिली नव्हती, ते चटईच्या काड्या उपटत बसले. क्षमा मागायला एकही उठला नाही.

कोंडाजी काठी टेकत पुढे आले. “कवाचा हाय कागद?”

“चौऱ्याण्णवचा,” बोरस्ते म्हणाले.

कोंडाजींनी मान हलवली. “तवा गुडघं चांगलं व्हतं.”

वीणा घेणाऱ्याला बसता येत नाही. दोन तासांचा पहारा उभ्यानंच करायचा. कोंडाजींनी काठी खांबाला टेकवून ठेवली, वीणा गळ्यात घेतली आणि ते उभे राहिले. पाय थरथरत होते. आक्काबाई खांबापाशी बसून काठी सांभाळत होत्या.

दोन तास झाले. पुढच्या पहाऱ्याचा माणूस समोर येऊन उभा राहिला. कोंडाजींनी वीणा काढली नाही. त्यानंही हात पुढे केला नाही.