नजरेची गोष्ट

सन २०१७. वसई पूर्वेला इंजेक्शनच्या बाटल्या भरणारा एक कारखाना होता. त्या साली तिथे विनिता सुपरवायझर झाली. नायगावात राहणारी, नऊ वर्षं खाली मान घालून काम केलेली बाई. मालक धवलभाईंनी तिला अठरा बायकांवर नेमलं आणि तपासणीच्या खुर्चीतून उठवून उभं केलं.

त्या खुर्चीशेजारी क्लेमेंटीन बसायची. गिरीज गावची, निवृत्तीला सात महिने राहिलेली. दिव्यापुढे बाटली धरून आत काचेचा कण दिसतो का ते पाहायचं, हे काम विनिताला तिनेच शिकवलेलं. ‘‘बाय, हलवू नको, फिरव. हलवलीस तर बुडबुडे येतात आणि बुडबुडे खोटं बोलतात.’’

पण गेली दोन वर्षं क्लेमेंटीनच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तिचा ट्रे पुढे जायच्या आधी विनिता गुपचूप पुन्हा तपासायची. दोघीही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. आता विनिताच्या जागी उन्नती नावाची नवी मुलगी आली. मावशींचा ट्रे पुन्हा तपासायला तिला कोण सांगणार?

खरं तर क्लेमेंटीनमावशींनाच सांगायचं होतं विनिताने. रोज सकाळी ती ठरवून येई, की आज मावशींना बाजूला घेऊन लेबलांच्या टेबलावर बसायला सांगू. आणि रोज वाटे, जिने हाताला धरून शिकवलं तिला, तुम्हाला दिसत नाही, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? नव्या साहेबिणीला एवढं धाडस होईना. बायका हसायच्या, ‘‘आमची मॅडम मावशीला अजून घाबरते.’’ तीही हसायची. असा महिना गेला.

मग एका इस्पितळातून पेटी परत आली. कुणाला इजा झाली नव्हती, पण चार बाटल्यांत काच होती. धवलभाईंनी सगळ्यांना उभं केलं. पेटीतल्या ट्रेवर तपासणाऱ्याची चिठ्ठी क्लेमेंटीनची होती. हे कसं झालं, असं त्यांनी विनितालाच विचारलं.

मला ठाऊक होतं, मीच झाकलं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या. आणि भलतंच बाहेर पडलं.

‘‘मावशींची नजर आता चालत नाही, सर.’’

क्लेमेंटीनने डोक्यावरची टोपी काढली, नीट घडी घातली.

‘‘बाय,’’ ती म्हणाली, ‘‘हे तू मला जेवणाच्या सुट्टीत सांगायचं होतंस.’’

ती त्याच दुपारी काम सोडून गेली. निवृत्तीच्या दिवशी तिच्यासाठी साडी आणि केक आणायचं बायकांचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

क्लेमेंटीनच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पुढे झाली. आता ती वाडीतली केळी बाजारात नेते. विनिता एकदा भेटायला गेली, तर क्लेमेंटीनने तिला मानाने ओटीवर बसवून चहा दिला, आणि निघेपर्यंत केळ्यांच्या भावाखेरीज दुसरं काही बोलली नाही. उन्नतीने वर्षभरातच काम सोडलं. लग्न होऊन ती वटारला गेली. धवलभाईंनी कारखाना विकला. नव्या मालकांनी विनिताला मॅनेजर केलं. आता ती कुणाचीही चूक कधी चारचौघांत काढत नाही, माणसाला शेजारी बसवून हळू आवाजात सांगते. नवी माणसं तिला मानतात. जुन्यांपैकी अकरा बायका अजून आहेत. त्या तिचं सगळं ऐकतात, पण कुणाचं काय दुखतंय ते तिला सांगत नाहीत.